येतो आणि येतं

एक वर्ग डोळ्यांसमोर आणा. जिल्हा परिषदेची शाळा, इयत्ता चौथी, इंग्रजीचा शेवटचा तास. या तासाला बाईंशी इंग्रजीतच बोलायचं, असा वर्गाचा नियम. घंटा होते, दप्तरं पाठीवर चढतात. एक पोरगा दारापर्यंत जातो, थांबतो, वळून म्हणतो, "बाई, आय कम." आणि चपला पायांत सरकवायला लागतो.

शाळाभेटीला आलेले केंद्रप्रमुख मागच्या बाकावर बसलेले असतात. त्यांना हसू येतं. ते पोराला परत बोलावतात. "अरे, घरी निघालास ना? मग 'आय गो' म्हण." पोरगा गप्प. मान खाली. 'गो' म्हणजे जाणं, हे त्याला पहिलीपासून ठाऊक आहे. पण घरातून निघताना कुणी 'जातो' म्हणालं, की त्याची आजी त्याला उंबऱ्यातच अडवते. "जातो म्हणू नये रे. येतो म्हणावं."

केंद्रप्रमुखांना क्रियापद चुकलेलं दिसलं. पोराने मात्र रीत पाळली होती.

या प्रकरणात त्या आजीविषयी बोलायचं आहे. मूल इंग्रजीच्या तासाला बसतं तेव्हा एक भाषा त्याला आधीच येत असते. त्या भाषेसोबत आणखी बरंच काही अंगवळणी पडलेलं असतं. मोठ्यांकडे काय आणि कसं मागावं, कुठे बोलावं, कुठे गप्प बसावं, पाठ कसं करावं, चुकलं तर तोंड कुठे लपवावं. याला आपण घरचं वळण म्हणतो. इंग्रजी शिकताना होणाऱ्या पुष्कळ चुका, आणि त्याहून जास्त म्हणजे वर्गातली शांतता, या वळणातून येतात. शिक्षकाला ते वळण दिसलं नाही, तर तो रीतभात जाणणाऱ्या मुलाला 'कच्चा' ठरवून मोकळा होतो.

मला इंग्रजी येतं

'येणं' या क्रियापदापासूनच सुरुवात करू. मराठीत माणूस इंग्रजी 'जाणत' नाही. त्याला इंग्रजी 'येतं'. पोहणं येतं, स्वयंपाक येतो, सायकल येते. रागही येतो, तापही येतो, झोपही येते. भूक लागते, आई आठवते, आंबा आवडतो. या सगळ्या वाक्यांत माणूस 'मला' होऊन बाजूला उभा असतो आणि गोष्ट त्याच्याकडे चालत येते. इंग्रजीत मात्र बहुतेक ठिकाणी 'आय'ला पुढे व्हावं लागतं. मी आंबा आवडवतो, मी ताप बाळगतो, मी पोहू शकतो, असा काहीसा तो थाट.

म्हणून 'मला दोन भाऊ आहेत' म्हणणारं मूल 'टू मी टू ब्रदर्स आर' असं लिहितं, तेव्हा त्याने मराठीचा एक नियम अचूक लावलेला असतो. हा नियम एकट्या मराठीचा नाही. हिंदी, गुजराती, कन्नड, तमिळ अशा वेगवेगळ्या कुळांतल्या भाषांतही 'मला'ची ही वाक्यं आहेत. शेजाराने राहून भारतीय भाषा एकमेकींसारख्या होत गेल्या, ही कल्पना मरी एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये मांडली. त्यामुळे पुण्याचा, धारवाडचा आणि मदुराईचा विद्यार्थी इंग्रजीत एकाच जागी अडखळतो, यात नवल नाही.

काही चुका तर इतक्या रुळल्या, की त्या भारतीय इंग्रजीच्या खुणा झाल्या. 'आय टोल्ड यू यस्टरडे ओन्ली' यातला 'ओन्ली' म्हणजे 'कालच'मधला 'च'. 'यू आर कमिंग, नो?' यातला 'नो' म्हणजे 'येतोयस ना'मधला 'ना'. मराठी माणसाला 'च' आणि 'ना'वाचून बोलणं म्हणजे फोडणीवाचून आमटी. इंग्रजी हे काम आवाजाच्या चढउतारावर आणि वाक्याच्या रचनेवर सोपवते. ते न शिकवता नुसता 'ओन्ली' खोडला, तर मुलाच्या बोलण्यातला जोरच नाहीसा होतो.

उलट बाजूही आहे. मराठीत जे नेमकं सांगता येतं, ते इंग्रजीत धूसर होतं. 'आम्ही मुंबईला चाललोय' आणि 'आपण मुंबईला चाललोय' यांत ऐकणाऱ्याने पिशवी भरायची की नाही, एवढा फरक आहे. इंग्रजीत दोन्हीकडे 'वी'च. 'तू कितवा?' हा आपला दोन शब्दांचा प्रश्न इंग्रजीत विचारायचा तर अख्खं वाक्य रचावं लागतं. आणि 'कझिन' हा शब्द तर मराठी मुलाला कोड्यातच टाकतो. चुलत, मावस, आते, मामे अशी चार नाती त्याच्या डोक्यात चार खोल्यांत राहतात. महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत मामेबहिणीशी लग्न चालतं. चुलतबहिणीकडून मात्र राखी बांधून घ्यायची. ज्या शब्दात या दोघी एकच होतात, त्या शब्दावर मुलाचा विश्वास बसत नाही. म्हणून ते 'कझिन ब्रदर', 'कझिन सिस्टर' असं काहीतरी जोडून निदान भाऊ-बहीण एवढं तरी पक्कं करून घेतं.

यावरून मराठी माणूस विचारच वेगळा करतो, असा निष्कर्ष काढायची गरज नाही. 'मला राग येतो' म्हणणारा माणूसही रागावतोच. पण बोलताना लक्ष कुठे द्यायचं, ही सवय भाषा लावते, आणि नवी भाषा शिकताना तीच सवय आडवी येते.

अक्षराला अक्षर

बाराखडी गिरवलेल्या मुलाची लिपीवर एक श्रद्धा असते. जसं लिहिलं तसं वाचायचं. अपवाद आहेत; 'चमचा'तला च आणि 'चिमणी'तला च लिहायला एक, बोलायला दोन. पण एकूण कारभार चोख. ही श्रद्धा घेऊन मूल इंग्रजीत येतं आणि तिथे 'नाइफ'च्या आधी एक मुकं अक्षर बसलेलं, 'वेन्सडे'च्या पोटात दुसरं लपलेलं.

मग मुलं एक युक्ती करतात. परीक्षेच्या आदल्या रात्री कुठल्याही घरात कान दिलात तर ऐकू येईल: 'वेड-नेस-डे', 'क-नाइफ', 'लिस-टेन'. उच्चार चुकीचा आहे, हे त्यांना माहीत असतं. स्पेलिंग उच्चारता येईल असं करून घेतलं, की ते विसरत नाही, हे त्यांनी स्वतःच शोधलेलं असतं. इंग्रजी शब्दाला त्यांनी देवनागरीचं वळण लावलेलं असतं. युक्ती झकास आहे. घोटाळा एवढाच, की आयुष्यभर इंग्रजी कमी ऐकलं आणि जास्त वाचलं, तर हा परीक्षेपुरता उच्चारच कायमचा होऊन बसतो.

आवाजांचंही तसंच. इंग्रजीतला 'टी' आपल्या 'ट' आणि 'त' यांच्या मध्ये कुठेतरी जिभेचं टोक टेकवतो. आपण त्याला 'ट'च्या घरात बसवलं आणि 'थ्री', 'थिंक' यांतल्या आवाजाला 'थ'च्या. दोन्ही वेगळे राहिले, काम भागलं. 'बॅट' आणि 'बॉल' यांच्यासाठी तर लिपीनेच जागा करून दिली. ॲ आणि ऑ या चंद्राच्या खुणा इंग्रजी शब्दांसाठीच आल्या. हिंदीने 'ज'खाली नुक्ता देऊन 'ज़ेब्रा' लिहिला, आपण 'झेब्रा' लिहिला, कारण 'झाड'मधला दंततालव्य झ आपल्याकडे होताच.

खरी अडचण वेगळीच आहे आणि ती क्वचितच शिकवली जाते. मराठी प्रत्येक अक्षराला त्याचं माप देते; इंग्रजी एका अक्षरावर जोर देऊन बाकीची गिळते. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, 'फोटोग्राफर'मध्ये दुसऱ्यावर. मराठी मूल दोन्ही शब्द सारख्याच इमानदारीने, एकही अक्षर न गाळता म्हणतं. त्याचं बोलणं इंग्रजाला सपाट वाटतं, आणि इंग्रजाचं बोलणं त्याला अर्धवट गिळलेलं वाटतं.

पाठीला बांधलेला डबा

गाय हा पाळीव प्राणी आहे, तिला चार पाय असतात, हे इंग्रजीतून पाठ न केलेला मराठी माणूस विरळा. पाठांतरावर आज सगळेच टीका करतात. घोकंपट्टी, पोपटपंची हे शब्द तयारच असतात. पण या सवयीचं मूळ पाहिलं तर ते फार खोल आहे. वेदपाठी पद, क्रम, जटा, घन अशा रीतींनी शब्द उलटेसुलटे गुंफून पाठ करत. जुन्या शाळांत पावकी, निमकी, दिडकी, औटकी, म्हणजे अपूर्णांकांचे पाढेही तालावर म्हटले जात. आणि ज्यांना शाळेची पायरी चढूच दिली नाही, त्यांनी हरिपाठ ऐकून ऐकून मुखोद्गत केला, जात्यावरच्या ओव्या एका पिढीने दुसरीच्या ओठांवर ठेवल्या. आपल्याकडे 'येणं' आणि 'तोंडपाठ असणं' हे फार काळ एकाच घरात नांदत होतं.

असाच वाद चिनी विद्यार्थ्यांबद्दल झाला. ते नुसतं घोकतात, अशी पाश्चात्त्य प्राध्यापकांची तक्रार होती. मग त्यांचे निकाल चांगले कसे लागतात, हा प्रश्न उरत होता. डेव्हिड वॉटकिन्स आणि जॉन बिग्ज यांनी १९९६ मध्ये संपादित केलेल्या 'द चायनीज लर्नर' या ग्रंथात अभ्यासकांनी याची उकल केली. पाठ करणं आणि समजून घेणं या तिथे दोन वेगळ्या वाटा नव्हत्या. मजकूर पुन्हा पुन्हा म्हणताना दर वेळी अर्थाचा आणखी एक पदर सुटावा, अशी ती रीत होती. आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या कीर्तनकाराला ही गोष्ट नवी वाटणार नाही.

मग इंग्रजीच्या वर्गात बिनसतं कुठे? हरिपाठ म्हणणाऱ्या माणसाच्या भोवती त्या शब्दांचं जग असतं. अर्थ आज नाही तर उद्या, कुणाच्या तरी निरूपणातून, त्याच्यापर्यंत पोचतो. गाईडमधून पाठ केलेल्या इंग्रजी निबंधाला असं अंगणच नाही. शब्द येतात आणि परीक्षेच्या पेपरात उतरून जातात.

हे अंगण वर्गात तयार करता येईल का, याचा एक मोठा प्रयोग दक्षिण भारतात झाला. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर, मद्रास आणि आणखी काही ठिकाणच्या साध्या शाळांत तो चालवला. 'बंगळूर प्रकल्प' म्हणून जगभरचे इंग्रजीचे शिक्षक तो आजही ओळखतात. व्याकरण आणि पाठांतर बाजूला ठेवून मुलांना कोडी घातली जात. हे रेल्वेचं वेळापत्रक. अमुक गाडी चुकली तर पुढची कोणती, ती किती वाजता पोचेल? हा नकाशा, इथून तिथे कसं जाल? मुलांचं चित्त उत्तरात गुंतलं, की भाषा मागच्या दाराने आत येते, ही प्रभूंची धारणा. यातली एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. त्या काळी परदेशात गटकामाचं फार प्रस्थ होतं, तरी प्रभूंनी त्यावर भिस्त ठेवली नाही. एकमेकांचं तोडकंमोडकं इंग्रजी ऐकून मुलांना चांगला नमुना मिळणार नाही, असं त्यांना वाटे. आधी शिक्षकाने सगळ्या वर्गाला घेऊन एक कोडं सोडवायचं, मग तसंच दुसरं प्रत्येकाने आपापलं सोडवायचं. गुरुजी पुढे आणि वर्ग समोर, ही आपल्याला सवयीची मांडणी तशीच राहिली. बदललं ते वर्गात चाललेलं काम.

खेड्यात विहिरीवर पोहायला शिकवताना पोराच्या पाठीला डबा किंवा वाळलेला भोपळा बांधतात. डबा म्हणजे पोहणं नव्हे, हे सगळ्यांना माहीत असतं. पण डब्याशिवाय कुणी पोराला पहिल्या दिवशी पाण्यात ढकलत नाही, आणि डबा कधी सोडायचा हे काठावरच्या जाणत्याला कळतं. सगळ्या वर्गाने एका सुरात म्हटलेलं इंग्रजी वाक्य हा असा डबा आहे. त्यात एकट्याचा आवाज बुडत नाही, चूक झाकली जाते, जीभ वळते. डब्यावर हसण्यात अर्थ नाही. तो दहावीपर्यंत पाठीवर तसाच राहतो, ही मात्र चिंतेची गोष्ट आहे.

गप्प बसण्याचं वळण

"कळलं का?" बाई विचारतात. "हो ऽ ऽ," वर्ग म्हणतो. "काही विचारायचंय?" शांतता.

ही शांतता अनेकांना मठ्ठपणा वाटते. पण याच मुलांना घरी काय सांगितलेलं असतं, ते आठवून पाहा. मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलू नये. उलट उत्तर देऊ नये. मुलीच्या जातीनं हळू बोलावं. शिक्षकाला प्रश्न विचारणं म्हणजे एक तर आपलं अज्ञान चारचौघांत उघडं करणं, नाहीतर त्यांनी नीट शिकवलं नाही असं सुचवणं. दोन्ही वाईट. त्यातून मुलाने हिय्या करून चार वाक्यं इंग्रजीत टाकलीच, तर सुट्टीत पोरं वाट बघत असतात: "लईच साहेब झालास की!" मग चांगला उच्चार येत असूनही मुलं तो मुद्दाम गावठी करून बोलतात. भाषा मिळवण्यापेक्षा दोस्त राखणं त्या वयात महत्त्वाचं असतं.

शांततेमागची रीत शोधणारा एक नामांकित अभ्यास अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात झाला. वॉर्म स्प्रिंग्ज या आदिवासी राखीव प्रदेशातली मुलं शाळेत तोंड उघडत नाहीत, अशी तक्रार होती. गंमत म्हणजे ही मुलं घरीही इंग्रजीच बोलत. मग अडत कुठे होतं? सुझन फिलिप्स यांनी घर आणि वर्ग दोन्हीकडे बसून निरीक्षण केलं. १९८३ मध्ये त्यांचं 'द इन्व्हिजिबल कल्चर' हे पुस्तक आलं. घरी मूल मोठ्यांचं काम बराच काळ गुपचूप पाहत असे, मग एकांतात करून बघत असे, आणि जमलं अशी स्वतःची खात्री झाली की मगच दाखवत असे. चारचौघांत कुणी कधी बोलावं, हे बोलणाराच ठरवत असे. शाळेत सगळं उलटं. बाई बोट दाखवणार, मग तू उभा राहणार, आणि जे अजून येत नाही ते सर्वांसमोर करून दाखवणार. हीच मुलं लहान गटात आपली आपण कामाला लागली, की छान बोलत.

भाकरी थापायला शिकलेल्या कुठल्याही मुलीला हे ओळखीचं वाटेल. आईशेजारी बसून ती कितीतरी दिवस नुसतं पाहते. मग उरलेल्या पिठाची एक चानकी करून बघते. घरात पाहुणे बसलेले असताना "थाप बघू पहिली भाकरी" असं तिला कुणी म्हणत नाही. इंग्रजीच्या वर्गात मात्र पहिलीच भाकरी पाहुण्यांसमोर थापायला लावतात.

हवाईमध्ये तर एका प्रकल्पाने मुलांचं वळणच कामाला लावलं. १९७०च्या दशकात होनोलुलूच्या कामेहामेहा शाळांच्या बालशिक्षण प्रकल्पात असं दिसलं, की स्थानिक हवाईयन मुलं वाचनाच्या तासाला एकेक करून बोलायला तयार नसतात. त्यांच्या घरी 'टॉक स्टोरी' चालते. एकाने गोष्ट सुरू करावी, दुसऱ्याने ती उचलावी, तिसऱ्याने मध्येच भर घालावी. आपल्याकडे रात्री ओट्यावर चालतात, तशाच गप्पा. काही शिक्षकांनी 'एका वेळी एकानेच बोला' हा नियम सैल केला आणि मुलांना धड्यावर असंच बोलू दिलं. कॅथरिन ऑ या अभ्यासिकेने दाखवून दिलं, की अशा तासांत मुलं धड्याविषयी जास्त आणि नेमकं बोलत होती.

पत्रास कारण की

एक मराठी विद्यार्थी पदवीनंतर अमेरिकेत शिकायला जायचं ठरवतो आणि तिथल्या प्राध्यापकाला ईमेल लिहितो. 'रिस्पेक्टेड सर' अशी सुरुवात. मग आपण सर्व कुशल असाल अशी आशा. मग स्वतःचं गाव, कॉलेज, विषयाची लहानपणापासूनची आवड, प्राध्यापकांच्या कामाबद्दलचा आदर. शेवटून दुसऱ्या ओळीत मुद्दा: आपल्याकडे संशोधनाला जागा आहे का? प्राध्यापकाला दिवसाला अशी शंभर पत्रं येत असतील, तर तो दुसऱ्या ओळीपलीकडे जातच नाही.

पण हा विद्यार्थी ज्या परंपरेतून आला, तिथे पत्र साष्टांग नमस्कार विनंती विशेषने सुरू होई. इकडील सर्व क्षेम, तिकडील कळवणे. हे सगळं झाल्यावर यायचं 'पत्रास कारण की'. म्हणजे कारण सांगायची जागा पत्रातच ठरलेली होती, आणि ती पहिली नव्हती. आल्या आल्या कामाचं बोलणारा माणूस आपल्याकडे आपमतलबी ठरतो. पाहुणा आला की आधी पाणी, मग चहा, मग "काय विशेष?"

रॉबर्ट कॅप्लन यांनी १९६६ मध्ये अमेरिकेतल्या परदेशी विद्यार्थ्यांचे इंग्रजी निबंध तपासून प्रत्येक संस्कृतीच्या मांडणीची एकेक आकृती काढली. इंग्रजीची सरळ रेघ, आशियाई मुलांची आत आत जाणारी गोल रेघ. ही चित्रं फार गाजली आणि तेवढाच मारही खाऊन गेली. साऱ्या पूर्वेकडच्या लोकांना एका चक्रात कोंबणं हास्यास्पद होतं, आणि इंग्रजीत सरळ रेघेत लिहिणारे जन्मतः तसे नसतात. त्यांनाही शाळेत ते रट्टे मारून शिकवावं लागतं. तरी मूळ निरीक्षणात तथ्य आहे. व्याकरण बिनचूक असूनही लिखाण परकं वाटू शकतं, कारण मुद्दा कुठे ठेवायचा हेही एक वळणच आहे. ते शिकवता येतं. "तुझ्या पत्रातलं 'पत्रास कारण की' उचल आणि पहिल्या ओळीत ठेव," एवढं सांगितलं की मराठी मुलाला चटकन कळतं.

विनयाचंही असंच. "सर, गिव्ह मी दॅट बुक" म्हणणारा मुलगा उद्धट वाटतो. मनातल्या मनात तो "सर, जरा ते पुस्तक देता का?" असं म्हणालेला असतो. मराठीत अदब 'देता'मध्ये आहे, 'जरा'मध्ये आहे, 'का'मध्ये आहे. इंग्रजीत उतरताना हे तिन्ही गळून पडलं आणि 'प्लीज' लावायचं राहून गेलं, कारण तसा सुटा शब्द वापरायची त्याला सवयच नाही. आपल्या माणसाचे आभार मानणं तर आपल्याकडे परकेपणाचं लक्षण. आईने ताट वाढलं म्हणून तिला 'धन्यवाद' म्हणून पाहा, ती कपाळाला हात लावून ताप बघेल.

कुणाचं वळण?

इथवर 'मराठी मूल' असं एकच मूल असल्यासारखं बोललो. तसं नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हटलं, असं सांगतात. त्यांचं 'निबंधमाला' मासिक निघालं १८७४ मध्ये. त्याच्या वीस वर्षं आधी, १८५४ मध्ये, सावित्रीबाई फुल्यांच्या 'काव्यफुले' या संग्रहात इंग्रजी 'माऊली' झालेली होती. ज्यांच्या घरात विद्येची परंपरा होती, त्यांना नव्या भाषेतलं बळ दिसलं. ज्यांना जुन्या विद्येने दाराबाहेर ठेवलं होतं, त्यांना मायेने जवळ घेणारं कुणीतरी दिसलं. हा धागा तुटलेला नाही. २०१० मध्ये चंद्रभान प्रसाद यांच्या पुढाकाराने उत्तर प्रदेशातल्या बांका गावी दलितांनी 'इंग्रजी देवी'च्या देवळाची पायाभरणी केली. जी भाषा शिकताना जात आड येत नाही, ती शिकण्यामागची ओढ वेगळीच असते. ही ओढ असलेलं मूल शंभर चुका करूनही बोलत राहतं.

जून २००० पासून महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधी बहुतेकांची इंग्रजीशी गाठ पाचवीत पडे. पण पहिलीच्या वर्गात बसणाऱ्या सगळ्यांची सुरुवातीची रेघ एक नसते. मेळघाटातलं मूल घरी कोरकू बोलतं, भामरागडचं माडिया, धडगावचं पावरी किंवा भिली, तांड्यावरचं गोरमाटी. बाई 'ॲपल म्हणजे सफरचंद' असं सांगतात तेव्हा या मुलासाठी दोन्ही शब्द परके असतात, आणि कित्येकदा फळही. एका परक्या भाषेचा आधार देऊन दुसरी परकी भाषा शिकवणं म्हणजे डब्याऐवजी पाठीला दगड बांधणं. अशा वर्गात शिक्षकाला मुलांच्या भाषेतले पन्नास शब्द येत असले, तरी चित्र पालटतं.

आणि ज्या घरात 'इंग्रजीचं वातावरण नाही' असं म्हणतात, तिथे खरोखर काय असतं? एखाद्या शेतकऱ्याच्या मुलीला विचारा, घरात इंग्रजी शब्द कोणते बोलतात? ती सांगायला लागते: मोटर, स्टार्टर, फ्यूज, थ्री फेज, व्होल्टेज, लोडशेडिंग, ड्रिप, व्हॉल्व्ह, पाईप, स्प्रे, ट्रॅक्टर, ट्रॉली, लोन, सातबाराची झेरॉक्स. 'रात्री फेज आली की स्टार्टर दाबायचा' हे तिला वडिलांइतकंच ठाऊक असतं. शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलाला 'व्हॉल्व्ह' सांगता येणार नाही. ही यादी फळ्यावर लिहून त्यातून वाक्यं काढली, की तिच्या लक्षात येतं, आपण रिकाम्या हाताने आलेलो नाही.

पुन्हा दारात

आता त्या चौथीतल्या पोराकडे परत जाऊ. तो अजून दारातच उभा आहे. 'आय कम' चूक, म्हणून त्याला 'आय गो' शिकवलं. व्याकरण सुधारलं. पण ते म्हणताना त्याची जीभ अडते, कारण त्याला जे म्हणायचं होतं, ते त्यात नाही.

त्याला काय म्हणायचं होतं? मी निघतोय, पण परत येणार आहे. आपली भेट तुटलेली नाही. हेच इंग्रज माणूस निघताना कसं म्हणतो, असा प्रश्न केंद्रप्रमुखांनी स्वतःला विचारला असता, तर त्यांना उत्तर सापडलं असतं. तोही दारातून निघताना 'आय गो' म्हणत नाही. तो म्हणतो, 'सी यू टुमॉरो.' उद्या भेटू. जाण्याचा उच्चार त्याच्याही ओठांवर येत नाही.

बाईंना हे सुचतं. त्या दाराशी येतात, पोराच्या खांद्यावर हात ठेवतात आणि म्हणतात, "तुझी आजी 'येतो' म्हणायला सांगते ना? इंग्रजीत त्याला 'सी यू टुमॉरो' म्हणतात."

पोरगा एकदा मनात म्हणून बघतो. मग मोठ्याने. मग चपला पायांत सरकवून पळतो. घरी जाऊन आजीला सांगेल, की मला तुझं 'येतो' इंग्रजीत येतं.